विज्ञान महोत्सवाची बातमी : कोल्हापुरातल्या आयोजकांसाठी कामाचा क्रम

कोल्हापुरातल्या विज्ञान महोत्सवांच्या बातम्या वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघतात. कोणाच्या हस्ते उद्घाटन, कोणाचं प्रास्ताविक, कोणाची प्रमुख उपस्थिती, आभार कोणी मानले. बातमीभर नावं आणि प्रयोग एकही नाही. यात दोष बातमीदारांचा नाही. आपण पाठवलेलं पत्रकच तसं असतं, आणि संध्याकाळच्या घाईत डेस्कवर ते आहे तसं लागतं.

एका महोत्सवाच्या प्रसिद्धीचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा मीही असंच पत्रक पाठवलं होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला मंडपाच्या कनाती उतरत होत्या आणि गडहिंग्लजहून एक बाई दोन मुलींना घेऊन पोहोचल्या. थोरलीच्या मुठीत त्या दिवशीच्या पेपरचं कात्रण होतं. "दुर्बीण कुठं हाय?" तिनं विचारलं. दुर्बीण दुपारीच खोक्यात गेली होती. मी ते कात्रण तिथंच उभं राहून वाचलं. बंद होण्याची वेळ त्यात नव्हती, कारण ती मी दिलीच नव्हती.

पुढचा क्रम त्यानंतरच्या वर्षांत चुकत-सुधारत बसलेला आहे. टप्पे मागेपुढे केले की काम बिघडतं, म्हणून आकडे घातले आहेत.

## १. तारीख ठरवताना बातमीची जागा बघा (दोन महिने आधी)

२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन, म्हणून तोच आठवडा धरायचा मोह सगळ्यांना होतो. पण त्याच आठवड्यात प्रत्येक शाळा-कॉलेजचा विज्ञान दिन असतो, आदल्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो आणि बोर्डाच्या परीक्षांचा काळ असतो. शिक्षणाचं बीट, म्हणजे त्या विषयाच्या बातम्या, बघणाऱ्या बातमीदाराकडे पत्रकांचा ढीग लागलेला असतो. तुमचा तीन दिवसांचा महोत्सव आणि एखाद्या शाळेतलं तासाभराचं भाषण दोघांनाही सारख्याच चार ओळी मिळतात. दहावी-बारावीची मुलं तर येणारच नाहीत.

१९ जुलै हा डॉ. जयंत नारळीकरांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म कोल्हापूरचाच, १९३८ सालचा, त्यामुळे तारीख मनात भरते. पण जुलैत इथं पाऊस आणि पंचगंगेची पातळी यांच्यापुढे दुसऱ्या बातमीला जागा उरत नाही, आणि आकाशदर्शन तर होतच नाही.

मला दोन काळ चांगले वाटतात. एक, जानेवारीचा दुसरा पंधरवडा. आकाश स्वच्छ असतं आणि महिनाअखेरच्या किरणोत्सवाकडे, म्हणजे अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत मावळतीची किरणं पोहोचतात त्या दिवसांकडे, गावाचं लक्ष लागलेलं असतं. दुसरा, मेचा पहिला आठवडा. तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि कोल्हापुरात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते.

सावधान : शून्य सावलीसाठी छायाचित्रकारांना बारा वाजता बोलावू नका. आपली घड्याळं ज्या रेखावृत्तावर चालतात त्याच्या सव्वाआठ अंश पश्चिमेला कोल्हापूर आहे. अंशाला चार मिनिटं धरली की तेहेतीस मिनिटांचा फरक पडतो. मेच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या तीनेक मिनिटं पुढे असतो, ती वजा केली की वेळ साडेबाराच्या आसपास येते. बाराला आलेला माणूस काठीची चांगली बोटभर सावली बघून, "काय झालंच नाही" म्हणत परत जातो.

## २. बातमीचं एक वाक्य ठरवा (सहा आठवडे आधी)

"विज्ञान महोत्सवाचे आयोजन" ही बातमी नव्हे. कोल्हापूरकराच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आणि तिच्यामागचं न कळलेलं कारण, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या की बातमी होते. हे वाक्य पत्रक लिहिताना सुचत नाही. स्टॉल ठरवतानाच ते ठरवावं लागतं.

किरणोत्सवाचं उदाहरण घेऊ. मावळत्या सूर्याची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचण्याच्या रूढ तारखा गावाला पाठ आहेत : ९ ते ११ नोव्हेंबर, आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. आता २१ डिसेंबर, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो तो दिवस, मध्ये ठेवून दिवस मोजा. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस. तिथून ३१ जानेवारीपर्यंत पुन्हा ४१. दक्षिणेकडे सरकताना सूर्य क्षितिजावर ज्या जागी मावळतो, परतताना तो पुन्हा त्याच जागी मावळतो, एवढाच हिशेब आहे.

याचा स्टॉल फार साधा होतो. पुठ्ठ्याचं पश्चिमाभिमुख देऊळ करायचं आणि समोर लाकडी पट्टीवर सरकणारा छोटा दिवा ठेवायचा. पट्टीवर तारखांच्या खुणा करायच्या. पोरगं दिवा डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकवत २१ डिसेंबरच्या खुणेपर्यंत नेतं आणि परत आणतं. गाभाऱ्यात उजेड एकाच खुणेवर पडतो, आणि ती खूण जाताना एकदा, येताना एकदा लागते. आमच्याकडे एक आजोबा हा दिवा पाच-सहा वेळा मागेपुढे करत उभे होते. तिथून बातमीचं वाक्य आयतं मिळतं : "किरणोत्सव वर्षातून दोनदाच का, हे दिवा सरकवून पाहा."

ही मांडणी श्रद्धेविरुद्ध विज्ञान अशा भांडणाकडे जाऊ देऊ नका. देऊळ बांधणाऱ्यांच्या निरीक्षणाचाच हा हिशेब आहे आणि बातमीदाराशी बोलताना तो तसाच सांगा. एकदा मथळा भांडणाचा लागला की तीन दिवस त्याचीच उत्तरं देत बसावं लागतं.

अशीच वाक्यं गुऱ्हाळातून निघतात, महापुरातून निघतात. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे शाळकरी पोरही सांगतं. पण कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचं पाणी एकाच वेळी आलं तर काय होतं आणि मागेपुढे आलं तर काय होतं, हे चार नळ्यांच्या मॉडेलवर दाखवलं की पावसाळ्यातल्या आकड्यांना अर्थ येतो.

तपासा : तुमचं वाक्य विज्ञानाशी संबंध नसलेल्या शेजाऱ्याला फोनवर सांगा. "मग?" असं आलं तर वाक्य बदला. "ते कसं काय?" असं आलं तर ठेवा.

## ३. प्रत्येक स्टॉलची चिठ्ठी तयार करा (तीन आठवडे आधी)

सर्वांत जास्त टाळाटाळ याच टप्प्यावर होते, आणि बातमीतल्या चुका निम्म्याहून अधिक इथंच जन्मतात. स्टॉलवरचं पोरगं घाबरून काहीतरी बोलतं, बातमीदार तेच लिहून घेतो. म्हणून प्रत्येक स्टॉलकडून अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून घ्या : लोकांना काय दिसतं, ते का होतं, एक आकडा एककासह, कोण बोलणार, आणि यात आम्ही काय दावा करत नाही.

गुळाच्या स्टॉलची चिठ्ठी अशी असावी : "उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. आम्लात उकळल्यास साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे होतात आणि गूळ चिकट होतो. चुन्याची निवळी घातल्याने आम्लता कमी होते. भेंडीच्या चिकामुळे रसातला गाळ एकत्र येऊन मळीच्या रूपात वर येतो आणि ती काढता येते. आम्ही लिटमस कागदाने फरक दाखवतो. आमचा गूळ औषधी आहे असा आमचा दावा नाही." शेवटचं वाक्य काढू नका. ते नसलं तर मथळा नेमका तिकडे जातो.

सावधान : बहुतेक शालेय प्रदर्शनांत "इंधनाशिवाय चालणारं" यंत्र एखादं तरी येतं. कधी चुंबकाचं, कधी मोटरला जनित्र जोडून पुन्हा त्याच मोटरला वीज देणारं. कॅमेरे पहिल्यांदा तिकडेच वळतात. घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा कोणतंही यंत्र देत नाही. घर्षणात जाते ती वेगळीच. असा प्रकल्प निवडीच्या वेळीच, मुलाला शेजारी बसवून, प्रेमानं समजावून बदलायला लावा. "तुझं यंत्र किती वेळ फिरून थांबतं ते मोज, आणि का थांबतं ते दाखव," एवढं सांगितलं की त्याच वस्तूचा चांगला प्रयोग होतो. उद्घाटनाच्या दिवशी स्टॉल झाकून ठेवायची पाळी आणलीत तर ते पोर विज्ञानाकडे परत फिरकणार नाही.

"जगातील पहिला", "क्रांतिकारी", "शोध लावला" हे शब्द चिठ्ठीत दिसले की खोडा. प्लास्टिक तापवून इंधन काढणं ही माहीत असलेली प्रक्रिया आहे. मुलानं ती करून दाखवली, हे कौतुक पुरेसं आहे.

## ४. बातमीदारांची यादी (तीन आठवडे आधी)

गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका. बीट बदलतात, माणसं बदलतात. पुढारी, सकाळ, लोकमत, तरुण भारत अशा प्रत्येक दैनिकात सध्या शिक्षणाचं किंवा विज्ञानाचं कोण बघतं ते फोन करून विचारा. शहर कार्यालयाबरोबरच तालुक्याच्या वार्ताहरांनाही कळवा. गडहिंग्लज, गारगोटी, शाहूवाडीकडची माणसं त्यांच्याच बातम्या वाचतात. कोल्हापूर आकाशवाणी आणि स्थानिक केबल वाहिन्या यादीत हव्यातच. रेडिओला आवाजाचा प्रयोग द्या. पाणी भरलेल्या बाटल्यांवर वाजवलेलं गाणं रेडिओवर पोहोचतं, दुर्बीण पोहोचत नाही.

पत्रकार परिषदेची गरज बहुतेक महोत्सवांना नसते. घ्यायचीच असेल तर टेबलावर पुष्पगुच्छांऐवजी एक चालू प्रयोग ठेवा.

## ५. पत्रक लिहा

पत्रकं तीन. पहिलं आठ दिवस आधी. दुसरं आदल्या दिवशी दुपारी, फक्त चार ओळींचं, "शहरात आज" सारख्या सदरासाठी. तिसरं महोत्सवाच्या प्रत्येक दिवशी, संध्याकाळी सहाच्या आत. लोक येतात ते पहिल्या दोन पत्रकांमुळे, आणि आपण सगळी शक्ती तिसऱ्यावर घालवतो.

नेहमीचं पत्रक असं असतं : "येथील अमुक संस्थेच्या वतीने आयोजित भव्य विज्ञान महोत्सवाचे उद्घाटन मान्यवरांच्या शुभहस्ते दीपप्रज्वलनाने उत्साहात संपन्न झाले. अध्यक्षस्थानी…" पुढे वाचायची गरज पडत नाही.

असं लिहा : "अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव वर्षातून दोनदाच का होतो, याचे उत्तर शुक्रवारपासून दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात एका दिव्याच्या खेळातून पाहता येणार आहे. विज्ञान महोत्सव शुक्रवार ते रविवार रोज सकाळी १० ते सायंकाळी ७ या वेळेत सर्वांसाठी खुला आहे. रविवारी मात्र सायंकाळी ५ वाजता बंद होईल. प्रवेश मोफत आहे, नोंदणीची गरज नाही. दुर्बिणीतून आकाशदर्शन फक्त शनिवारी सायंकाळी ७ ते ९, आकाश निरभ्र असल्यास." नंतर दोन प्रयोग, दोन-दोन ओळींत. संस्थेचं नाव दुसऱ्या परिच्छेदात. पाहुण्यांची नावं वेगळ्या कागदावर, पदांसह, शुद्धलेखन तपासून. ती लागतात, पण इंट्रोत, म्हणजे बातमीच्या सुरुवातीच्या ओळींत, लागत नाहीत. बातमी जागेअभावी खालून कापली जाते, तेव्हा आभाराची ओळ गेली तरी चालेल. वेळ आणि ठिकाण जाता कामा नये.

पत्रक युनिकोडमध्ये टाइप करा आणि मजकूर थेट ईमेलमध्ये टाका. लेटरहेडचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तर तो कोणीतरी पुन्हा टाइप करणार, आणि चुका तिथं होणार.

सावधान : वर्तमानपत्रांत मजकूर अनेकदा एका फॉन्टमधून दुसऱ्यात जातो. त्यात चिन्हं गळतात. द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानातली उणेची रेघ गळली की −१९६ चे १९६ अंश होतात, आणि थंडीनं गोठणारं फूल वाचकाला भाजलेलं वाटतं. म्हणून "उणे १९६ अंश सेल्सिअस" असं अक्षरात लिहा. घातांकही टाळा. दहाचा सहावा घात छापून येताना एकशे सहा होतो. "दहा लाख" लिहा.

तपासा : पत्रक पाठवण्याआधी वार आणि तारीख कॅलेंडर समोर ठेवून जुळवा. फोन नंबर स्वतः लावून बघा. हे काम लिहिणाऱ्यानं करू नये, दुसऱ्याला द्यावं.

## ६. फोटोची तयारी

फोटो चांगला असेल तर छोटी बातमीही उचलली जाते. पण छायाचित्रकार पंधरा मिनिटांसाठी येतो, आणि त्याच वेळी मंचावर सत्कार चालू असेल तर सत्काराचाच फोटो मिळणार. यावर आमच्याकडे एक गोष्ट उपयोगी पडली. समई आधीच लावून ठेवली आणि पाहुण्यांच्या हातून एक प्रयोग करून उद्घाटन केलं. फोटोत पाहुणेही आले, विज्ञानही आलं, आणि कोणी रुसलं नाही. पाहुण्यांना हे दोन दिवस आधी सांगा, एकदा हात फिरवून घ्या. ऐनवेळी सांगितलं तर ते साहजिकच बिचकतात.

छायाचित्रकारांसाठी उजेडातला एक स्टॉल आणि नक्की वेळ द्या, म्हणजे सकाळी अकरा ते बारा. मागे जाहिरातीचा फ्लेक्स नको. वस्तूपेक्षा ती बघणारा चेहरा हवा. फोटो ओळ तुम्हीच लिहून द्या : कोण, काय करताना, कुठं, डावीकडून क्रमानं.

मुलांच्या फोटोसाठी पालकांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा. फोटो ओळीत मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि गल्ली असं सगळं एकत्र देऊ नका.

सावधान, यात तडजोड नाही : सूर्य दाखवणाऱ्या दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर सौर फिल्टर घट्ट बसलेला हवा. "एक क्लोजअप घेतो, जरा काढा" असं कितीही अजीजीनं म्हटलं तरी काढायचा नाही. डोळा कायमचा जातो, कॅमेराही जळतो. द्रवरूप नायट्रोजनची वाफ फोटोत दाट दिसावी म्हणून दारं-खिडक्या लावून घेऊ नका. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो आणि खोलीतला ऑक्सिजन कमी पडतो. त्या द्रवात हात घालून दाखवणं तर कॅमेऱ्यासमोर मुळीच नको, कारण ते बघून दुसरा कोणीतरी करणार.

## ७. महोत्सवाचे दिवस

दारापाशी एकच माणूस ठेवा, ज्याला दुसरं काही काम नाही. त्याच्या हातात सगळ्या चिठ्ठ्या, पत्रकाच्या प्रती आणि चार्ज केलेला फोन. संयोजकांपैकी कोणी "मी बघतो" म्हणाला तर नको म्हणा. तो जेवणाच्या कूपनात अडकलेला असतो.

बातमीदार आला की त्याला चाळीस स्टॉल फिरवू नका. तीन दाखवा, नीट दाखवा, त्याच्या हातात दिवा द्या. तो स्वतः सरकवेल तेव्हा त्याला लिहायला काहीतरी मिळेल. टीव्हीच्या बाइटसाठी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच्या दोन वाक्यांसाठी, मुलांना पाठांतर करायला लावू नका. "तुला पहिल्यांदा करताना काय चुकलं?" एवढं विचारा, पोरं आपसूक छान बोलतात.

निघताना बातमी दाखवायचा आग्रह धरू नका, तो त्यांना आवडत नाही आणि ते बरोबरच आहे. त्याऐवजी विचारा : "हे मी नीट सांगितलं का? तुम्हाला काय समजलं, एकदा सांगाल?" गैरसमज असेल तर त्या मिनिटातच निघतो. आकडा असेल तर चिठ्ठी हातात द्या.

## ८. चुकीचं छापून आलं तर

सकाळी सातला पेपर बघायचा आणि चुका तीन गटांत वाटायच्या. तारीख, वेळ, ठिकाण किंवा सुरक्षेची चूक असेल तर लगेच फोन. वेब आवृत्ती तासाभरात दुरुस्त होऊ शकते. विज्ञानाची चूक असेल तर दोन ओळींत बरोबर मजकूर लिहून पाठवा, तक्रार लिहू नका. नावाच्या वेलांटीची चूक असेल तर दुपारी शांतपणे सांगा.

फोन आधी त्या बातमीदारालाच करा. थेट संपादकांना किंवा पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं तर दुरुस्ती होईल, पण तो माणूस पुढच्या वर्षी येणार नाही. चूक आपल्या चिठ्ठीत असेल तर ती आधी कबूल करा.

## ९. दारावरचा कागद

कात्रणांची फाइल सगळेच करतात. त्याहून उपयोगाचा असतो दारावरचा एक कागद. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला विचारायचं, "कुठं कळलं?" आणि पेपरमधली बातमी, "शहरात आज", रेडिओ, शाळा, व्हॉट्सॲप, शेजारी अशा रकान्यांत एक रेघ ओढायची. बाहेरगावचं असेल तर रेघेशेजारी गावाचं नाव.

आम्ही पहिल्यांदा हा कागद केला तेव्हा मोठ्या रंगीत फोटोच्या बातमीपेक्षा "शहरात आज" मधल्या चार ओळींपुढे रेघा जास्त निघाल्या. त्या चार ओळी आम्ही आदल्या दिवशी घाईघाईत पाठवल्या होत्या. पुढच्या वर्षीपासून त्या दोघांनी वाचल्याशिवाय गेल्या नाहीत, आणि बंद होण्याची वेळ त्यात सगळ्यात आधी लिहिली जाऊ लागली.